तीन शिंगांचा ट्रायसेराटॉप्स : वर्गीकरण आणि शरीररचना



मागच्या वर्षी पाचवीच्या वर्गात प्राण्यांचे वर्गीकरण शिकवत होतो. मधल्या सुट्टीनंतर एका मुलाने दप्तरातून प्लॅस्टिकचा डायनोसॉर काढून माझ्या टेबलावर ठेवला. तीन शिंगे, मानेमागे पंख्यासारखी झालर, जाडजूड चार पाय. त्याने विचारले, "सर, हा गेंड्याचा पणजोबा का?"

तास संपत आला होता. मी खेळण्याकडे पाहिले. शिंगे होती, जाड कातडी होती, गवत खाणाऱ्या जनावरासारखा आकारही होता. मी म्हणालो, "हो, तसंच काहीतरी असेल." मुलगा खूश झाला आणि सगळ्या वर्गाने ते मान्य केले.

घरी येऊन वाचायला बसलो, तेव्हा कळले की माझे उत्तर साफ चुकीचे होते. दुसऱ्या दिवशी वर्गात तसे सांगितले आणि मग आम्ही दोन तास याच प्राण्यावर घालवले. आजचा पाठ त्या दोन तासांतून तयार झाला आहे. शेवटी स्वाध्यायही दिला आहे.

थोडक्यात ओळख

नाव : ट्रायसेराटॉप्स
काळ : क्रेटेशियस कालखंडाचा शेवट, सुमारे ६ कोटी ८० लाख ते ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी
ठिकाण : उत्तर अमेरिकेचा पश्चिम भाग (आजच्या अमेरिकेतील मोंटाना, वायोमिंग, कोलोरॅडो ही राज्ये आणि कॅनडाचा काही भाग)
लांबी : सुमारे ८ ते ९ मीटर
वजन : सुमारे ५ ते ९ टन
आहार : शाकाहारी

८-९ मीटर म्हणजे आपल्या एसटी बसपेक्षा थोडीच कमी लांबी. वजन म्हणाल तर मोठ्या ट्रायसेराटॉप्सपुढे दोन हत्ती तराजूत घालावे लागतील.

नावाचा अर्थ

ट्रायसेराटॉप्स हा शब्द ग्रीक भाषेतून आला आहे. 'ट्राय' म्हणजे तीन. आपल्या 'त्रिकोण', 'त्रिशूळ' मधला 'त्रि' आणि हा 'ट्राय' एकाच घरातले. 'केरास' म्हणजे शिंग आणि 'ऑप्स' म्हणजे चेहरा. तीन शिंगांचा चेहरा असलेला तो ट्रायसेराटॉप्स. दोन लांब शिंगे डोळ्यांच्या वर आणि एक आखूड शिंग नाकावर.

शिंगांवरून फसलेले प्राध्यापक

माझी चूक तुम्हाला सांगितली. आता एका फार मोठ्या शास्त्रज्ञाची चूक ऐका, म्हणजे मलाही जरा बरे वाटेल!

१८८७ साली अमेरिकेत डेन्व्हर शहराजवळ जमिनीतून दोन मोठी शिंगे मिळाली. कवटीच्या वरच्या भागाचा तुकडा त्यांना चिकटलेला होता. ती शिंगे ओथनियल चार्ल्स मार्श या प्राध्यापकांकडे पाठवण्यात आली. जीवाश्मांच्या अभ्यासात मार्श यांचे नाव तेव्हा जगभर होते. त्यांनी शिंगे पाहिली आणि ठरवले की हा बायसन आहे. बायसन म्हणजे अमेरिकेतला, आपल्या गव्यासारखा प्राणी. त्यांनी त्याला 'बायसन आल्टिकॉर्निस', म्हणजे उंच शिंगांचा बायसन, असे नावही देऊन टाकले.

पुढच्याच वर्षी, १८८८ मध्ये, वायोमिंगच्या माळरानात मार्श यांचे सहकारी जॉन बेल हॅचर यांना एका पशुपालकाकडे तसलेच एक भले मोठे शिंग दिसले. त्याच्या एका गुराख्याला ते ओढ्याच्या काठावर सापडले होते. हॅचर त्या जागी गेले आणि तिथून कवटी खोदून काढली. ती पाहिल्यावर मार्श यांच्या लक्षात आले की हा बायसन नाही, सस्तन प्राणीसुद्धा नाही, हा डायनोसॉर आहे! १८८९ मध्ये त्यांनी 'ट्रायसेराटॉप्स' हे नाव दिले. पुढच्या तीन-चार वर्षांत हॅचर यांनी त्याच भागातून अशा शिंगवाल्या डायनोसॉरच्या सुमारे ३० कवट्या गोळा केल्या. त्या काळात तिथे रस्ते नव्हते. टनभर वजनाचे दगड घोडागाडीवर लादून न्यावे लागत.

मार्श यांना फसवले कोणी? शिंगांनी. समोर फक्त शिंगे होती आणि शिंगे तर अनेक प्राण्यांना असतात. मग या प्राण्याचे खरे नाते ओळखायचे कशावरून?

वर्गीकरण : एकेक पायरी उतरू

सृष्टी – प्राणी
संघ – समपृष्ठरज्जू (पाठीचा कणा असलेले, म्हणून पृष्ठवंशीय)
वर्ग – सरीसृप
महागण – डायनोसॉरिया
गण – ऑर्निथिस्किया
उपगण – सेराटॉप्सिया
कुल – सेराटॉप्सिडी
उपकुल – कॅस्मोसॉरिनी
प्रजाती – ट्रायसेराटॉप्स
जाती – ट्रायसेराटॉप्स होरिडस आणि ट्रायसेराटॉप्स प्रोर्सस

ही यादी पाठ करायची नाही बरं का! प्रत्येक पायरीवर शास्त्रज्ञांनी कोणते हाड पाहिले, एवढे समजले की पुरे.

पहिली पायरी : ऑर्निथिस्किया. हॅरी सीली या इंग्रज शास्त्रज्ञांनी १८८७ मध्ये डायनोसॉरचे खुब्याच्या हाडांवरून दोन गट केले. एका गटाचे खुबे सरड्यासारखे, तर दुसऱ्याचे पक्ष्यांसारखे. पक्ष्यांसारख्या खुब्यांच्या गटाचे नाव ऑर्निथिस्किया. ट्रायसेराटॉप्स याच गटातला. इथे एक गंमत आहे. आजचे पक्षी या 'पक्षी-खुब्यांच्या' गटातून आलेलेच नाहीत. ते आले सरड्यासारखे खुबे असलेल्या गटातून, म्हणजे टी. रेक्सच्या नातेवाइकांमधून. पक्ष्यांचा खुबा नंतर, स्वतंत्रपणे तसा झाला. नुसत्या सारखेपणावरून नाते ठरवले की अशी फसगत होते.

या गटाची खरी खूण वेगळीच आहे. ती आहे खालच्या जबड्याच्या टोकाला असलेले एक जादा हाड. त्याला प्रीडेंटरी म्हणतात. ते ऑर्निथिस्किया गणातल्या प्राण्यांमध्येच असते.

दुसरी पायरी : सेराटॉप्सिया. या नावाचा अर्थ 'शिंगमुखी'. म्हणजे या गटातल्या सगळ्यांना शिंगे असणार, असे आपण धरून चालतो. माझ्या वर्गानेही तेच सांगितले. पण आशियात सापडलेला सिटॅकोसॉरस पाहा. त्याच्या नावाचा अर्थ 'पोपट-सरडा'. दोन पायांवर चालणारा हा लहानसा डायनोसॉर, त्याला ना डोळ्यांवर शिंगे, ना झालर. मंगोलियाच्या गोबी वाळवंटातल्या प्रोटोसेराटॉप्सला झालर आहे, पण डोळ्यांवर शिंगे नाहीत. तरीही हे दोघे सेराटॉप्सिया गटातच येतात. का?

कारण त्यांच्या वरच्या जबड्याच्या टोकाला एक छोटे हाड असते, रोस्ट्रल नावाचे. ते या गटाबाहेर कुठल्याही प्राण्यात सापडत नाही. म्हणून मुलांनो, शिंगवाल्या डायनोसॉरची ओळख शिंगावरून होत नाही, चोचीवरून होते! खालच्या चोचीचे हाड ऑर्निथिस्किया गणातल्या सगळ्यांचे आणि वरच्या चोचीचे हाड फक्त या कुटुंबाचे, एवढे लक्षात ठेवा.

तिसरी पायरी : सेराटॉप्सिडी. यात आले मोठे, चार पायांवर चालणारे आणि खरोखरच शिंगे असलेले प्राणी.

चौथी पायरी : उपकुल. सेराटॉप्सिडी कुलाच्या दोन शाखा आहेत. सेंट्रोसॉरिनी शाखेत साधारणपणे झालर आखूड आणि नाकावरचे शिंग मोठे असते. कॅस्मोसॉरिनी शाखेत झालर लांब आणि डोळ्यांवरची शिंगे मोठी असतात. ट्रायसेराटॉप्सची झालर त्यातल्या त्यात आखूड, म्हणून कित्येक वर्षे अनेक अभ्यासक त्याला सेंट्रोसॉरिनी शाखेत ठेवत. १९४९ मध्ये चार्ल्स स्टर्नबर्ग यांनी याला हरकत घेतली, पण तिकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे कवटीतले सगळे बारकावे एकत्र तपासले गेले, तेव्हा स्टर्नबर्ग यांचेच बरोबर ठरले. आज ट्रायसेराटॉप्स कॅस्मोसॉरिनी शाखेत आहे.

पाचवी पायरी : जाती. मार्श आणि नंतरच्या लोकांनी मिळेल त्या कवटीला नवे नाव देत दहाहून जास्त जाती केल्या होत्या. आज बहुतेक शास्त्रज्ञ दोनच मानतात. 'होरिडस' म्हणजे खडबडीत. 'प्रोर्सस' म्हणजे सरळ पुढे रोखलेला. मोंटानातील हेल क्रीक भागात खडकाच्या खालच्या थरात होरिडस मिळतो आणि वरच्या थरात नाकावरचे शिंग जास्त मोठे असलेला प्रोर्सस मिळतो. खालचा थर जुना आणि वरचा नवा. म्हणून होरिडसचाच काळाच्या ओघात प्रोर्सस झाला असावा, असे २०१४ मधील एका अभ्यासात मांडले गेले.

शरीररचना

*१. डोके* – जमिनीवर राहिलेल्या प्राण्यांमधील सर्वांत मोठ्या डोक्यांपैकी हे एक. कवटीची लांबी अडीच मीटरपर्यंत, म्हणजे शरीराच्या लांबीचा जवळपास तिसरा हिस्सा. पट्टी घेऊन वर्गातल्या फरशीवर अडीच मीटर मोजून बघा. आमच्या वर्गात तेवढ्या जागेत दोन मुले आडवी झोपली.

*२. शिंगे* – डोळ्यांवरची शिंगे सुमारे एक मीटर लांब. आतमध्ये हाड आणि वरून केरॅटिनचे टणक आवरण. आपली नखे याच केरॅटिनची असतात. हे समजायला लांब जायला नको, गोठ्यात जा. बैलाच्या शिंगाच्या आतही हाड असते आणि वर आवरण असते. पोळ्याला आपण शिंगे तासून रंगवतो, ते हे आवरण. जीवाश्मात आवरण सहसा टिकत नाही, आतले हाडच उरते. म्हणजे जिवंतपणी ट्रायसेराटॉप्सची शिंगे संग्रहालयात दिसतात त्यापेक्षाही लांब असणार.

आता गेंडा पाहा. त्याच्या शिंगात हाड नसतेच. ते सबंध केरॅटिनचे असते. म्हणजे शिंगाच्या रचनेत ट्रायसेराटॉप्स गेंड्यापेक्षा बैलाच्या जवळ जातो! पण म्हणून तो बैलाचाही नातेवाईक होत नाही. गेंडा आणि बैल सस्तन प्राणी, ट्रायसेराटॉप्स सरीसृप. सस्तन प्राण्यांचे पूर्वज आणि सरीसृपांचे पूर्वज ३० कोटी वर्षांहूनही आधी वेगळे झाले. शिंगे दोन्ही घराण्यांत आपापली उगवली.

*३. झालर* – मानेमागे पसरलेला हाडाचा पंखा. तो कवटीच्या मागच्या हाडांपासूनच बनतो, वरून बसवलेला नसतो. या कुलातल्या बहुतेकांच्या झालरीत दोन मोठी भोके असतात, त्यामुळे तिचे वजन कमी होते. ट्रायसेराटॉप्सची झालर मात्र भरीव. कडेने त्रिकोणी हाडांची नक्षी, आपल्या तोरणाच्या कडेसारखी.

*४. चोच आणि दात* – पुढे पोपटासारखी चोच, तिथे दात नाहीत. चोचीने झाडपाला तोडायचा आणि मागच्या दातांनी कापायचा. जबड्याच्या प्रत्येक बाजूला दातांच्या ३६ ते ४० उभ्या रांगा आणि प्रत्येक रांगेत एकाखाली एक ३ ते ५ दात. सगळे मिळून ४०० ते ८०० दात! पण एका वेळी वरचेच दात कामाला लागतात. ते झिजले की खालचे वर सरकतात. आपल्याला दुधाचे आणि कायमचे असे दोनदाच दात येतात, याला आयुष्यभर येत राहत.

वरचे आणि खालचे दात जात्यासारखे एकमेकांवर घासत नसत. ते अडकित्त्याच्या पात्यांसारखे एकमेकांच्या बाजूने सरकत. त्यामुळे चिवट पानेही कापली जात. नेचे, सायकससारखी झाडे, ताडवर्गीय झाडे असा त्याचा आहार असावा.

*५. मान* – एवढे जड डोके पेलायचे कसे? एक, मानेचे सुरुवातीचे मणके एकमेकांना जुळून एकसंध झालेले होते. दोन, कवटीच्या मागे हाडाचा चेंडूसारखा गोळा होता आणि तो मानेच्या खळग्यात बसत असे. आपल्या खांद्यात असतो तसा हा उखळीचा सांधा. त्यामुळे डोके जड असूनही सगळीकडे वळवता येत असे.

*६. पाय आणि शेपटी* – पुढच्या पायाला पाच बोटे, पण खूर तिघांनाच. मागच्या पायाला चार खुरांची बोटे. मागचे पाय खांबासारखे सरळ. पुढचे पाय जुन्या चित्रांत सरड्यासारखे बाहेर फाकलेले दाखवत. आता अभ्यासक मानतात की ते बरेचसे शरीराखालीच होते, कोपरात थोडे वाकलेले. शेपटी आखूड आणि जमिनीवर न घासणारी.

*७. त्वचा* – एका नमुन्यावर त्वचेचे ठसे मिळाले आहेत. त्यांवर मोठमोठे बहुकोनी खवले दिसतात. गेंड्यासारखे कातडे नव्हे.

पायांचा विषय निघाला म्हणून सांगतो. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात १९०५ साली जगातला पहिला ट्रायसेराटॉप्सचा सांगाडा उभा केला गेला. एक पूर्ण प्राणी मिळाला नव्हता, म्हणून दहाहून जास्त प्राण्यांची हाडे जोडली. त्यात मागचे पाय चक्क दुसऱ्याच, बदकासारख्या तोंडाच्या डायनोसॉरचे लागले होते! हजारो लोक येत आणि तो पाहून जात. जवळपास शंभर वर्षांनी, २००१ मध्ये, दुरुस्त केलेला सांगाडा मांडला. त्याचे नाव ठेवले 'हॅचर', त्याच जॉन बेल हॅचर यांच्या आठवणीत.

पिल्लू ते प्रौढ

१९९७ मध्ये एका पिल्लाची कवटी मिळाली. ती जेमतेम फूट-सव्वा फूट लांब आणि डोळ्यांवरची शिंगे इंच-दीड इंचाची. वेगवेगळ्या वयांच्या कवट्या ओळीने मांडल्यावर कळले, की लहानपणी शिंगे आखूड आणि सरळ असतात, वाढत्या वयात ती मागे वळतात आणि मोठेपणी पुढे झुकतात. झालरीच्या कडेची त्रिकोणी हाडेही वयानुसार चपटी होऊन तिच्यात मिसळतात. जुन्या काळी इतक्या जाती का झाल्या, याचे एक उत्तर इथे मिळते. लहान-मोठ्या भावंडांना वेगवेगळ्या घरची मुले समजण्यासारखे ते होते.

२०१० मध्ये तर जॉन स्कॅनेला आणि जॅक हॉर्नर यांनी म्हटले, की टोरोसॉरस नावाचा डायनोसॉर म्हणजे म्हातारा ट्रायसेराटॉप्सच. बऱ्याच अभ्यासकांना ते पटले नाही आणि आजही दोघांना सहसा वेगळेच मानतात.

शिंगे कशासाठी?

दोन कामे नक्की सांगता येतात. काही ट्रायसेराटॉप्सच्या झालरीवर भरून आलेल्या जखमा दिसतात. त्या आपसातल्या टकरींच्या असाव्यात, असे २००९ च्या एका अभ्यासात दिसले. दुसरे काम बचावाचे. एका कवटीचे शिंग टी. रेक्सने चावून तोडलेले आहे आणि ती जखम नंतर भरून आलेली आहे. म्हणजे हा प्राणी टी. रेक्सच्या तावडीतून सुटून पुढे जगला! सगळेच सुटले नाहीत. टी. रेक्सच्या दातांच्या खुणा असलेली ट्रायसेराटॉप्सची खुब्याची हाडेही मिळाली आहेत. झालर आणि शिंगे एकमेकांना ओळखायला आणि छाप पाडायलाही उपयोगी पडत असावीत.

आपल्याकडे ट्रायसेराटॉप्स होता का?

हा प्रश्न वर्गात हमखास येतो. उत्तर : नाही. त्या काळी भारत आशियाला जोडलेलाच नव्हता. तो समुद्रातून उत्तरेकडे सरकणारा वेगळा भूभाग होता. आपल्याकडचे डायनोसॉर निराळे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला इसिसॉरस या लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरची हाडे मिळाली आहेत.

पण एक धागा मात्र आहे. ट्रायसेराटॉप्स तिकडे अमेरिकेत चरत होता, त्याच्या शेवटच्या काळात इकडे आपल्या दख्खनमध्ये लाव्हा वाहत होता. तो थरांवर थर साचून आपला काळा पाषाण झाला. सह्याद्रीचे कडे, रायगड, वेरूळची लेणी सगळी त्याच खडकातली. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोजवळ प्रचंड अशनी आदळला आणि पक्षी सोडून सगळे डायनोसॉर संपले. दख्खनच्या ज्वालामुखींचा त्यात किती हात होता, यावर शास्त्रज्ञ अजूनही वाद घालतात.

लक्षात ठेवा

• ट्रायसेराटॉप्स हा शाकाहारी डायनोसॉर आहे, गेंड्याचा पूर्वज नाही.
• त्याच्या गटाची खूण शिंग नसून वरच्या चोचीचे रोस्ट्रल हाड आहे.
• शिंगात आत हाड, बाहेर केरॅटिन. गेंड्याच्या शिंगात हाड नसते.
• सारखे दिसणे म्हणजे नाते असणे नव्हे.

स्वाध्याय

१. 'ट्रायसेराटॉप्स' या नावाची फोड करून अर्थ लिहा.
२. प्रा. मार्श यांनी शिंगे बायसनची का समजली असतील? तुमच्या शब्दांत लिहा.
३. सिटॅकोसॉरसला डोळ्यांवर शिंगे नाहीत, तरी तो सेराटॉप्सिया गटात का?
४. बैल, गेंडा आणि ट्रायसेराटॉप्स यांच्या शिंगांचा तक्ता करा.
५. उपक्रम : दिसायला सारखे, पण नात्याने दूर असलेले दोन प्राणी शोधा (उदा. वटवाघूळ आणि चिमणी). त्यांच्यातले तीन फरक लिहा.

जाता जाता शिक्षक मित्रांसाठी दोन शब्द. त्या दिवशी "माझं कालचं उत्तर चुकलं होतं" असे वर्गात म्हटले, तेव्हा मला वाटले मुले हसतील. हसले कोणी नाही. तो मुलगा उठून म्हणाला, "सर, ते मार्श सरपण चुकले होते ना?" आणि मग पुढचे दोन दिवस प्रश्न थांबलेच नाहीत. तेव्हा मुलांनो, तुम्हीही विचारत राहा. उत्तर माहीत नसेल, तर आता आपण सोबत शोधू.

पुन्हा भेटू पुढच्या पाठात!